बाळ ‘लहान’ आहे म्हणजे नेमकं काय? नवीन मेडिकल कोडरसाठी

रुग्णाच्या फाइलमधल्या आजारांना ठरलेले कोड लावायचे, हे मेडिकल कोडरचं काम. नव्या बॅचला ते शिकवताना मी नेहमी एका काल्पनिक बाळापासून सुरुवात करते. बाळंतीण सोलापूरची, मुलगा झालाय, वजन २३०० ग्रॅम. शेवटची पाळी कधी आली होती, असं सिस्टरने विचारलं. ती म्हणते, “गड्ड्यात आल्ती ओ, तारीख काय ध्यानात न्हाई.”

गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. मुख्य विधी संक्रांतीच्या आसपास होतात, पण मैदानातले पाळणे आणि दुकानं त्यानंतरही बरेच दिवस असतात. पाळी १४ जानेवारीला आली असेल, तर ७ ऑक्टोबरला जन्मलेलं बाळ ३८ आठवड्यांचं. २८ जानेवारीला आली असेल, तर तेच बाळ ३६ आठवड्यांचं. ३६ आठवड्यांच्या मुलग्यासाठी वजनाचा दहावा पर्सेंटाइल (शंभरांतली सर्वांत हलकी दहा बाळं जिच्या खाली येतात ती रेषा) साधारण २.२ किलोवर येतो, ३८ आठवड्यांना साधारण २.६ किलोवर. म्हणजे वजन तेच, २३०० ग्रॅम, पण एका हिशेबात बाळ लवकर आलेलं असून वाढ ठीक आहे, आणि दुसऱ्या हिशेबात दिवस भरलेले असून वाढ कमी आहे. कोडही दोन्हीकडे वेगळे.

नवीन मुलं इथेच चुकतात, मीही चुकले. २५०० पेक्षा कमी आकडा दिसला की हात आपोआप पी०७ कडे, म्हणजे कमी वजन आणि लवकर जन्म यांच्या कोडकडे, जातो. तो थोपवायचा कसा, हे पुढे पायरीपायरीने सांगते.

हे लिखाण मुख्यतः अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट, म्हणजे फाइली, करणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे आयसीडी-१०-सीएम ही आजारांच्या कोडची तिकडची यादी वापरणाऱ्यांसाठी. पूर्वी या कामासाठी पुण्याची किंवा हैदराबादची गाडी धरावी लागायची, आता सोलापुरातच, जुळे सोलापूर भागात घरी बसूनही ते करता येतं. आपल्याकडच्या रुग्णालयांच्या रेकॉर्ड विभागात जागतिक आरोग्य संघटनेचं मूळ आयसीडी-१० असतं. त्यात हेच कोड चार अक्षरांवर थांबतात, पाचवं अक्षर नसतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दाव्यांत पॅकेजचे कोड वेगळेच असतात, त्यांची गल्लत इथे करू नका. कोड मी देवनागरीत लिहिते आहे. स्क्रीनवर पहिलं अक्षर रोमन दिसेल एवढंच.

आधी तीन शब्द वेगळे करा

लो बर्थ वेट म्हणजे जन्मवजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी. इथे आठवड्यांचा संबंध नाही, फक्त काटा.

प्रीटर्म म्हणजे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं. इथे वजनाचा संबंध नाही, फक्त कॅलेंडर. ३६ आठवडे ६ दिवस म्हणजे पूर्ण झालेले आठवडे ३६, म्हणून ते बाळ प्रीटर्मच. ‘सदतीसच धरू की’ असं चालत नाही.

एसजीए, म्हणजे स्मॉल फॉर जेस्टेशनल एज, हे काटा आणि कॅलेंडर एकत्र ठेवून ठरतं. एकाच आठवड्याची शंभर बाळं वजनानुसार ओळीत उभी केली, तर सर्वांत हलक्या टोकाकडच्या पहिल्या दहांत हे बाळ येतं का, एवढाच प्रश्न. दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली आलं की एसजीए.

ही ओळ कुठल्या बाळांची, ते तक्त्यावर अवलंबून असतं. फेंटनचा २०१३ चा तक्ता प्रीटर्म बाळांसाठी खूप वापरला जातो. दुसरा इंटरग्रोथ-२१ चा. त्याच्यासाठी जगातल्या आठ ठिकाणी बाळं मोजली गेली, आणि त्यांतलं एक आपलं नागपूर. मुलाचा आणि मुलीचा तक्ता वेगळा असतो, हेही विसरू नका.

आता सगळ्यांत जास्त निसटणारी गोष्ट. ४० आठवड्यांच्या मुलग्यासाठी दहावा पर्सेंटाइल साधारण २.९ किलो आहे. दिवस भरून जन्मलेला २६०० ग्रॅमचा मुलगा लो बर्थ वेट नाही, प्रीटर्म तर नाहीच, तरीही एसजीए असू शकतो. आजी म्हणेल, “अडीचच्या वर आहे की, छान आहे.” कोडरने तसं म्हणून पुढे जायचं नाही. अशा बाळांसाठी पुस्तकात स्वतंत्र कोड आहेत, ते खाली येतील.

आणि आययूजीआर? तो शब्द पोटातल्या वाढीचा वेग मंदावल्याबद्दल आहे, जन्मानंतरच्या मापाबद्दल नाही. आययूजीआर असलेलं बाळ बहुधा एसजीए असतं, पण दर वेळी नाही. डॉक्टरांनी बाळाच्या कागदावर नुसतं आययूजीआर लिहिलं असेल, तर कोड पी०५.९ वर जातो. मोघम कोड आहे. तो घालण्याआधी फाइलमध्ये पुढे कुठे एसजीए लिहिलंय का, ते शोधा.

पायरी १: फाइलमधून आकडे काढा

कोडिंगला हात घालण्याआधी चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घ्या: जन्मवजन ग्रॅममध्ये, जन्मवेळचे पूर्ण आठवडे आणि वरचे दिवस, लांबी सेंटिमीटरमध्ये, मुलगा की मुलगी.

वजन जन्माच्या वेळचंच हवं. ऐकायला सोपं वाटतं, पण फाइलमध्ये रोजचं वजन असतं. बाळ पहिल्या काही दिवसांत वजन गमावतं, पाच ते दहा टक्क्यांपर्यंत घट नेहमीची समजतात. तिसऱ्या दिवसाचा आकडा उचलला, तर १५२० ग्रॅमचं बाळ १४४० चं होऊन बसतं आणि कोडचं पाचवं, वजन सांगणारं अक्षर चुकतं.

आठवडे दोन ठिकाणी वेगळे दिसले, तर दचकू नका. आईच्या सांगण्यावरून एक, पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून दुसरा, जन्मानंतर बाळाला तपासून काढलेला तिसरा. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी सर्वांत भरवशाची मानतात, पण त्यांतला कुठला धरायचा हे आपण ठरवायचं नाही. बाळाच्या डॉक्टरांनी त्यांच्या नोटमध्ये कुठला धरलाय, तो घ्यायचा. त्यांच्याच दोन नोटांत दोन आकडे असतील, तर विचारायचं.

पायरी २: डॉक्टरांचं वाक्य शोधा

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा.

तक्ता आपल्यालाही वाचता येतो. वजन आहे, आठवडे आहेत, दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली ठिपका पडतोय, दिसतंय. तरीही एसजीए हे निदान आहे, आणि निदान डॉक्टर करतात. आपण आकड्यांवरून निदान तयार करायचं नाही. प्रीटर्मबद्दल तर अधिकृत गाइडलाइनमध्येच लिहिलंय की नोंद नसेल तर तो कोड लावू नये, कारण ठिकठिकाणचे डॉक्टर वेगवेगळे निकष वापरतात. मात्र निदान एकदा लिहिलेलं असलं, की पाचवं अक्षर नोंदलेल्या वजनावरून आणि आठवड्यांवरून लावायला हरकत नाही. कामाची ही वाटणी नीट लक्षात ठेवा: निदान त्यांचं, बारकावा आकड्यांचा.

मी नर्सिंगमधून या कामात आले. त्यामुळे वॉर्डातली सवय होती, बाळ बघितलं की मनात निदान तयार. पहिल्याच महिन्यात एका बाळाला मी पी०५.१८ आणि पी०७.१८ दोन्ही लावले. एसजीए आहे आणि वजनही कमी आहे, मग दोन्ही खरंच आहे की, असा माझा हिशेब. ऑडिटमध्ये फाइल परत आली, शेजारी फक्त ‘एक्सक्लूड्स१’ एवढा शब्द, म्हणजे हे दोन कोड एकत्र लागत नाहीत. त्या दिवशी पुस्तकातल्या कोडखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपा वाचायला लागले, त्या आजपर्यंत वाचते.

पायरी ३: कोड निवडा

पी०५ म्हणजे वाढ मंदावल्यामुळे लहान राहिलेली बाळं. त्यात:

पी०५.० म्हणजे लाइट फॉर जेस्टेशनल एज. वजन दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली, पण लांबी वर. हडकुळं, लांबट बाळ.

पी०५.१ म्हणजे स्मॉल फॉर जेस्टेशनल एज. वजनही खाली, लांबीही खाली.

पी०५.२ म्हणजे कुपोषणाची लक्षणं आहेत, पण बाळ हलकंही नाही आणि लहानही नाही. सुटलेली, सुरकुतलेली कातडी वगैरे. क्वचित लागतो.

वॉर्डात बोलताना वजन कमी दिसलं की सगळे ‘एसजीए’च म्हणतात, लांबी कोण बघतो! म्हणून पुस्तकाची व्याख्या आणि डॉक्टरांचा शब्द यांत फरक पडू शकतो. डॉक्टरांनी एसजीए लिहिलंय आणि लांबी मात्र चांगली दिसतेय, तर आपण होऊन पी०५.० कडे वळायचं नाही. शब्दाप्रमाणे जायचं, नाहीतर विचारायचं.

पाचवं अक्षर वजनाचं. पी०५.० आणि पी०५.१ दोन्हींत क्रम एकच आहे: ० म्हणजे वजन दिलेलं नाही, १ म्हणजे ५०० ग्रॅमच्या खाली, २ म्हणजे ५०० ते ७४९, ३ म्हणजे ७५० ते ९९९, ४ म्हणजे १००० ते १२४९, ५ म्हणजे १२५० ते १४९९, ६ म्हणजे १५०० ते १७४९, ७ म्हणजे १७५० ते १९९९, ८ म्हणजे २००० ते २४९९, आणि ९ म्हणजे २५०० आणि त्यावर. मघाचा ४० आठवड्यांचा २६०० ग्रॅमचा मुलगा या नवात बसतो: लांबीही कमी असेल तर पी०५.१९, लांबी ठीक असेल आणि डॉक्टरांनी लाइट म्हटलं असेल तर पी०५.०९.

पी०७ मध्ये दोन वेगळे खण आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. पी०७.० आणि पी०७.१ हे वजनाचे, पी०७.२ आणि पी०७.३ हे आठवड्यांचे. एक्सक्लूड्स१ ची टीप वजनाच्या खणांखाली आहे: वाढ मंदावल्यामुळे वजन कमी असेल तर इथे येऊ नका, पी०५ मध्ये जा. आठवड्यांच्या खणाला ती आडवी येत नाही. म्हणून पी०५ सोबत पी०७.३ चालतो, पी०७.१ चालत नाही. कारणही सरळ आहे: वजन पी०५ च्या पाचव्या अक्षरात सांगून झालेलं असतं, आठवडे मात्र अजून कुठेच सांगितलेले नसतात.

गड्ड्याच्या बाळाकडे परत या. डॉक्टरांनी ३८ आठवडे धरले आणि एसजीए लिहिलं, तर पी०५.१८, बस. ३६ धरले आणि प्रीटर्म, लो बर्थ वेट लिहिलं, तर पी०७.१८ आणि त्यानंतर पी०७.३९. दोन्ही पी०७ लागतात तेव्हा वजनाचा आधी, आठवड्यांचा नंतर, असा नियमच आहे.

पायरी ४: क्रम लावा

बाळ ज्या रुग्णालयात जन्मलं, तिथल्या त्या मुक्कामाच्या रेकॉर्डवर पहिला कोड झेड३८ चा. एकच बाळ, नॉर्मल डिलिव्हरी असेल तर झेड३८.००, सिझेरियन असेल तर झेड३८.०१. जुळं असेल तर झेड३८.३० किंवा झेड३८.३१.

हा कोड आयुष्यात एकदाच. अक्कलकोटला जन्मलेलं बाळ श्वास लागला म्हणून सोलापूरला आणतात, तसं अमेरिकेतही एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवतात. ज्या दवाखान्यात आणलं, तिथे झेड३८ लावायचा नाही. तिथे ज्या कारणासाठी आणलं ते पहिलं.

आईचे कोड ओ पासून सुरू होतात आणि ते आईच्याच फाइलमध्ये राहतात. गर्भाची वाढ कमी दिसते म्हणून आईची जी जास्तीची देखरेख झाली, तिचा ओ३६.५ बाळाच्या फाइलमध्ये आला, तर ऑडिटरला चष्मा पुसायचीही गरज पडणार नाही. उलटही तसंच, पी कोड आईला लागत नाही. आईच्या आजाराचा बाळावर परिणाम झाला असं डॉक्टरांनी लिहिलं, तर त्यासाठी पी०० ते पी०४ आहेत, उदाहरणार्थ आईच्या रक्तदाबासाठी पी००.०.

पायरी ५: सोबतचे आजार

लहान बाळाची साखर उतरते, अंग गार पडतं, रक्त घट्ट होतं, कावीळ होते. साखरेसाठी पी७०.४, अंग गार पडण्यासाठी पी८० मधले, घट्ट रक्तासाठी पी६१.१. प्रीटर्ममुळे कावीळ असं लिहिलं असेल तर पी५९.०.

इथे प्रश्न असा की कुठला लावायचा आणि कुठला सोडायचा. नवजात बाळांसाठी कसोटी अशी: त्यासाठी डॉक्टरांनी तपासलं का, उपचार केला का, चाचणी केली का, मुक्काम वाढला का, सिस्टरांची देखरेख वाढली का, किंवा पुढच्या काळात त्यासाठी काही लागणार आहे का. यांतलं एकही उत्तर हो असेल आणि निदान लिहिलेलं असेल, तर लावा. सिस्टरच्या तक्त्यावर साखर ३८ दिसतेय, पण डॉक्टरांनी एक शब्द लिहिला नाही, तर तो आकडाच आहे, कोड नाही.

अडलं तर विचारा, पण सुचवू नका

डॉक्टरांना पाठवायच्या प्रश्नाला या धंद्यात क्वेरी म्हणतात. ती कशी लिहायची हे कोर्सला फार कमी शिकवतात. ‘हे बाळ एसजीए आहे ना?’ असं विचारणं चूक, कारण त्यात उत्तर आपणच दिलं. आधी फाइलमधले पुरावे मांडा, मग पर्याय द्या:

“जन्मवजन २३०० ग्रॅम, लांबी ४५ सेंमी, प्रवेश नोटमध्ये ३८ आठवडे, तक्त्यावर वजन दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली नोंदलेलं. बाळाच्या वाढीबद्दलचं आपलं निदान कृपया नोंदवावं: स्मॉल फॉर जेस्टेशनल एज / लाइट फॉर जेस्टेशनल एज / वाढ वयाला साजेशी / अन्य / सांगता येत नाही.”

‘अन्य’ आणि ‘सांगता येत नाही’ हे दोन पर्याय गाळू नका. आणि या कोडने बिल वाढेल की कमी होईल, हे क्वेरीत चुकूनही आणू नका.

सीपीटी करणाऱ्यांसाठी एक खड्डा

नवजात बाळाच्या अतिदक्षतेत, पण क्रिटिकल नसलेल्या बाळाच्या रोजच्या देखभालीचे सीपीटी कोड (हे आजारांचे नाहीत, डॉक्टरांनी केलेल्या कामाचे) वजनावर बदलतात: ९९४७८ हा १५०० ग्रॅमच्या खाली, ९९४७९ हा १५०० ते २५००, ९९४८० हा २५०१ ते ५०००. हे वजन त्या दिवशीचं. आयसीडीतलं वजन मात्र जन्माचं, ते शेवटपर्यंत हलत नाही. बाळ वाढत जातं तसा सीपीटी सरकतो, पी०५ जागचा हलत नाही. दोन्ही एकाच चार्टवर करताना डोकं एकदा गरगरतंच.

वॉर्डात काम करणाऱ्या वाचकांसाठी

माझ्या जुन्या मैत्रिणी अजून वॉर्डात आहेत, हे त्यांच्यासाठी. वजन पहिल्या तासात, कपडे काढून, डिजिटल काट्यावर. लांबी टेपने मोजू नका, बाळ पाय मुडपतं आणि दोन-तीन सेंटिमीटर कुठेच जातात. इन्फंटोमीटरच्या पाटीवर, एकीने डोकं धरून, दुसरीने गुडघे सरळ करून मोजा. डोक्याचा घेर टेपनेच. आठवडे लिहिताना ‘टर्म’ एवढंच नको, ‘३८ आठवडे २ दिवस, पहिल्या सोनोग्राफीवरून’ असं हवं. माता बाल संरक्षण कार्डावर तारखा असतात, ते नातेवाइकांच्या पिशवीतून काढून घ्या. डॉक्टर राउंडला असतील, तर तक्त्याचं नाव आणि पर्सेंटाइल त्यांच्याकडून लिहून घ्या. दहा सेकंदांचं काम आहे, पुढे चार माणसांचा अर्धा दिवस वाचतो.

सराव

सिझेरियनने जुळी झाली. दुसरा मुलगा, ३४ आठवडे ५ दिवस, १४८० ग्रॅम, लांबी ३९ सेंमी. डॉक्टरांची नोट: प्रीटर्म, एसजीए, आईच्या प्रीएक्लॅम्पसियाचा (गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबाचा आजार) परिणाम. सिस्टरच्या तक्त्यावर साखर ३८, दूध पाजून पुन्हा तपासली. बाराव्या दिवशी वजन १५१० ग्रॅम.

कागदावर स्वतः करून मगच खाली बघा.

झेड३८.३१, पी०५.१५, पी०७.३७, पी००.०. साखरेसाठी क्वेरी, उत्तर आलं तरच पी७०.४. पी०७.१५ लावला असेल तर खोडा. बाराव्या दिवसाच्या भेटीसाठी, बाळ अजून त्याच देखभालीत असेल तर, सीपीटी ९९४७९.